मागच्या पानावरचं बटण

४ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार लांबूनच करतो. जवळ असतो तर आधी तू कान धरला असतास. तीन महिने पत्र नाही, कबूल. फोन करावा तर शर्टाच्या कारखान्यातल्या मशिनींनी बावीस वर्षांत तुझे कान खाल्ले आहेत. मी ओरडतो, आणि बाहेर बसलेल्या कारकुनाला वाटतं की साहेब अशिलाला झापताहेत.

आज मात्र कामासाठी लिहितोय. एक खटला आहे. कसला, ते तू ओळखशील. हल्ली माझ्याकडे तसलेच येतात. तो हॉस्पिटलचा लिफ्टमन सुटल्यापासून बाईच्या तक्रारीवरून ज्याला म्हणून पकडतात, तो माझाच जिना चढतो. लोक नाकं मुरडतात. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई तर मला पाहून मान वळवतात. मुरडू देत. लिफ्टमन त्या दिवशी दुसऱ्याच इमारतीत ड्यूटीवर होता, आणि एवढं शोधायलाही कुणाला सवड नव्हती. तो सुटला तेव्हा तूच म्हणाली होतीस, अशांसाठीही कुणीतरी उभं राहायला हवं.

तर प्रश्न असा. कुणी शर्ट पुढून धरून जोरात ओढला, तर बटण कसं तुटतं? कापड फाटतं का? पुस्तकांत शोधलं, सापडलं नाही. मग लक्षात आलं, बटण-विभागाची माजी मुकादम घरचीच असताना पुस्तकं कशाला चाळायची. खटल्याबद्दल जास्त लिहीत नाही, लिहिताही येत नाही.

तुझा
ठोंब्या
(हे नाव इथल्या वकिलांना कळू देऊ नकोस.)


९ फेब्रुवारी

ठोंब्या,

कामाशिवाय तुला बहीण आठवत नाही हे ठाऊक होतं, पण काम बटणाचं निघेल असं वाटलं नव्हतं. तुझं पत्र शेजारणीला दोनदा वाचून दाखवलं. म्हटलं, बघा, कोर्टाचंही आता माझ्यावाचून अडतं. हे माझं उत्तरही पाकिटात घालण्याआधी तिला वाचून दाखवणार आहे.

नीट ऐक. हाताने लावलेलं बटण असेल, म्हणजे दुहेरी दोरा, चार वेळा आरपार, बटणाखाली दोऱ्याचा जो देठ राहतो त्याला वेढे देऊन गाठ, तर ते ओढून निघत नाही. आधी कापड फाटतं, मग दोरा तुटतो. बटणाच्या जागी भोक पडल्याशिवाय राहत नाही. बटण गेलंय आणि कापड धड आहे, तर समजावं की कुणीतरी कात्रीने सावकाश काढलंय.

माझ्या शब्दावर जाऊ नकोस. सोबत कापडाची पट्टी पाठवतेय, तिच्यावर एक बटण लावलंय. ओढून बघ. दात लावायचे नाहीत.

पान उलट.

(मागच्या पानावर)

अक्षर वाकडं दिसेल. पुढचं पान संपवून पाणी प्यायला उठले आणि परत येऊन चष्म्यावरच बसले. एक काडी गेली. मशीनचा दोरा बांधून कानाला अडकवलाय. आरशात बघवत नाही.

तर राहिलेलं. पुढच्या पानावर लिहिलं ते सगळं हाताने लावलेल्या बटणाचं. कारखान्याच्या तयार शर्टाची गोष्ट वेगळी. तिथे बटण-मशीन एकाच दोऱ्याने लावतं, साखळी टाका. धान्याच्या पोत्याचं तोंड शिवलेलं असतं ना, नेमका दोरा हाती लागला की सर्रकन उसवतं, तस्संच. एका हिसक्यात बटण सुटतं आणि कापडाला ओरखडाही नाही. शेवटी गाठ घाला म्हणून आम्ही मालकाला सांगून थकलो, पण गाठीला वेळ लागतो. तेव्हा शर्ट हातचा की कारखान्याचा, हे आधी बघ. बाकी सगळं त्यावर आहे.

ताई


२ मार्च

ताई,

पट्टी मिळाली. मी ओढली, कारकुनाने ओढली, शेवटी शिपायाने एक टोक पायाखाली धरून ओढली. बटण ढिम्म. तुझ्या हाताला तोड नाही.

खटल्यात पट्टीचा फार उपयोग झाला, सध्या एवढंच सांगतो. निकाल या महिन्यात लागेल.

आणि चष्म्याला दोरा बांधून गावभर फिरू नकोस. नवी काडी बसवून घे. नाहीतर लोक म्हणतील, भाऊ एवढा वकील आणि बहिणीला धड चष्मा नाही.

ठोंब्या


२७ मार्च

ठोंब्या,

आज सकाळी शेजारीण पेपर घेऊन आली. 'तुमच्या भावाचं नाव छापून आलंय' म्हणत आनंदाने आली आणि मला ऐकू जावं म्हणून अगदी कानाशी बसून वाचायला लागली.

गोदामाचा मॅनेजर निर्दोष सुटला. पॅकिंगच्या कामावरच्या बाईचं म्हणणं, त्याने मागच्या खोलीत गाठलं, दार लावलं, शर्टाला धरून ओढलं, दोन बटणं तुटली. आणि बचावाच्या वकिलांनी दाखवून दिलं, की ओढल्याने बटणं तुटली असती तर आधी कापड फाटलं असतं. शर्टाला भोक नाही, अर्थात बटणं कात्रीने सावकाश काढलेली आहेत. म्हणजे बाईनेच सगळं रचलं.

शेजारीण वाचता वाचता थांबली. म्हणाली, 'अहो, हे तर तुमचं वाक्य.' मीच तिला वाचून दाखवलं होतं ना.

पुढे लिहिलंय, शर्ट कंपनीने दिलेल्या गणवेशाचा होता. गणवेश कुणी हाताने शिवत नाही, ठोंब्या. असले हजारो शर्ट माझ्या टेबलावरून गेले आहेत. त्यांची बटणं कशी निघतात ते मी तुला लिहिलं होतं. मागच्या पानावर लिहिलं होतं ना? की लिहायचं मनात होतं आणि विसरले? शेजारणीला विचारलं, तिलाही फक्त कात्रीचं आठवतंय. लगेच कळव.

ताई


३ एप्रिल

ताई,

तू लिहिलं होतंस. मी मागचं पान पाहिलंच नाही. तारीख तोंडावर आली होती. पट्टी हातात आली, पुढचं पान वाचलं आणि पत्र फायलीला लागलं. काल फाइल काढून पाहिली, तर खरंच मागे मजकूर आहे. वाईट वाटलं. पण यात तुझी चूक नाही. कागद वाचवायला पाठपोट लिहायची तुझी सवय जुनी आहे, एवढंच.

चूक म्हणशील तर माझीही नाही. साक्षीला एक म्हातारा शिंपी बोलावला होता, त्याने शपथेवर तेच सांगितलं. सरकारी वकीलबाईंना त्याला काहीही विचारायची मुभा होती, त्यांनी विचारलं नाही. संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, आणि मिळायलाच हवा. लिफ्टमनलाही तोच मिळाला होता.

झालं ते झालं. डोक्यातून काढून टाक.

ठोंब्या


२० एप्रिल

ठोंब्या,

काढून टाकता येत नाही. कारखाना सोडल्यापासून घरी घेते त्या शिवणाच्या वर्गाला आठवडाभर सुट्टी दिली. मुलींना काजं-बटणं शिकवायची होती आणि मला बटणांचा डबा उघडवेना.

घरात कागद किती होता माहीत आहे? कोरं पाकीटच्या पाकीट. तरी मी मागे लिहिलं. आणि जे आधी लिहायचं ते नंतर लिहिलं, कारण आधी मला मिरवायचं होतं. बघा माझा टाका, ओढून बघा. बावीस वर्षं हाताखालच्या बायकांना सांगत आले, माल कुठला ते आधी बघा, मग हात लावा. आणि स्वतः एका शब्दाने विचारलं नाही, की बाबा, शर्ट कुणाचा?

बाईचा असणार हे मला कळत होतं रे. तू कसले खटले घेतोस ते मला माहीत नाही का? कळत होतं म्हणूनच विचारलं नाही. धाकटा भाऊ आपल्याला अक्कल विचारतोय, या आनंदात बाकीचं नको होतं.

पेपरात त्या बाईचं नाव नाही. नसतंच, ते योग्यच आहे. पण मग मी माफी कुणाच्या नावाने मागू?

दोन गोष्टी सांग. माझी पट्टी कोर्टात कुणाच्या हातात गेली? आणि आता वरच्या कोर्टात जाता येतं का?

ताई


२९ एप्रिल

ताई,

विचारलंस म्हणून सांगतो, परत विचारू नकोस.

पट्टी मी तिच्याच हातात दिली. ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी होती. म्हटलं, ओढून दाखवा. तिने एकदा ओढलं. मग दोन्ही हातांनी ओढलं, मग ओठ दाबून. बोटं लाल झाली. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. सरकारी वकीलबाई हरकत घ्यायला उठल्या, पण तोवर सगळ्यांनी पाहिलं होतं. ती म्हणाली, 'हे बटण तसलं नाही.' मी म्हटलं, 'बटण ते बटण. विचारलं तेवढं सांगा.' तिने पट्टी कठड्यावर ठेवली. त्यानंतर मी जे जे विचारलं त्याला तिने 'आठवत नाही' एवढंच उत्तर दिलं.

अपिलाला मुदत असते. करायचं की नाही ते सरकारी वकील ठरवतात, आपल्या हातात ते नाही. त्यात पडू नकोस. वर्ग सुरू कर, मुलींची वर्दळ असली की बरं वाटेल.

ठोंब्या


८ मे

वकीलसाहेब,

आज तुमची उलटतपासणी घ्यायची आहे. विचारलं तेवढं सांगा.

दोन मार्चचं तुमचं पत्र माझ्यासमोर आहे. त्यात तुम्ही लिहिलंय, चष्म्याला दोरा बांधून गावभर फिरू नकोस. माझा चष्मा मोडला, त्याला दोरा बांधलाय, हे तुम्हाला कुणी सांगितलं? फोन आपला झाला नव्हता. शेजारीण तुम्हाला लिहीत नाही. मी लिहिलं ते एकदाच, मागच्या पानावर, अगदी वरती. पुढच्या पानावर ते असूच शकत नाही. पुढचं पान संपेपर्यंत चष्मा धड होता.

मला हे सुचलंही नसतं. काल वर्गातल्या एका मुलीने विचारलं, 'बाई, हा दोरा कधी बांधलात?' सांगता सांगता तुमचं पत्र आठवलं. मुलींना घरी पाठवलं आणि तुमची पत्रं काढली.

चष्म्याच्या खाली चार ओळींवर बटण-मशीन आहे. चष्म्यापर्यंत वाचलंत आणि तिथे डोळे मिटलेत का?

पाच आठवडे मी स्वतःला खात होते. कागदाचं पाकीट दिसलं तरी रडू यायचं. शेजारणीला सांगत होते, माझ्या चिक्कूपणाने एका बाईचं वाटोळं झालं. आणि तुम्ही लिहिलंत, 'कागद वाचवायला पाठपोट लिहायची तुझी सवय.' ते लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही?

उत्तर यावं.

तुमची बहीण


१५ मे

ताई,

वाचलं होतं. पट्टीला हात लावण्याआधी वाचलं होतं, पुढचं आणि मागचं.

शर्ट गणवेशाचा आहे हे मला पहिल्यापासून माहीत होतं. म्हणून तर तुला नुसतं 'शर्ट' असं लिहिलं. तुझं मागचं पान वाचून शिंपीही मुद्दाम असा शोधला, ज्याने जन्मात बटण-मशीन पाहिलेलं नाही. तो खोटं बोलला नाही. मीही कोर्टात एक शब्द खोटा बोललो नाही. सोयीचं तेवढं विचारलं आणि खाली बसलो. समोरच्यांच्या कामाचा पुरावा हुडकून त्यांच्या हातात ठेवायला मी बांधलेला नाही. कायद्याच्या कुठल्या पुस्तकात माझा गुन्हा सापडतो का ते या दोन महिन्यांत मी बघितलं. सापडत नाही.

खोटं बोललो ते एकदाच, तुझ्याशी. आणि तू स्वतःला दोष देऊ लागलीस तेव्हा मला हायसं वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण विचारलं तेवढं सांगा म्हणालीस. वाटलं, दोष कुणीतरी घेतला, चला, घरातल्या घरात मिटलं. लहानपणीही काच मी फोडायचो आणि धपाटे तू खायचीस.

'हे बटण तसलं नाही' असं ती म्हणाली तेव्हा भरल्या कोर्टात दोघांनाच माहीत होतं की ती बरोबर आहे. तिला आणि मला. तिचा तो आवाज माझ्या कानातून जात नाही. दाढी करताना ऐकू येतो, जिना चढताना ऐकू येतो.

अशिलाने मला काय सांगितलं ते मी तुलाही सांगणार नाही. त्याच्याविरुद्ध बोटही उचलणार नाही. तसं केलं तर उद्या लिफ्टमनसारखा कुणी माझ्यासमोर तोंड उघडायचा नाही. तू काय करावंस, हेही मी सांगणार नाही. तू कुणाची वकील नाहीस, एवढं मात्र खरं. अपिलाची मुदत निकालापासून नव्वद दिवस, म्हणजे २४ जून. हे तुला कोर्टातल्या कुठल्याही कारकुनाने सांगितलं असतं, म्हणून मी सांगितलं.

पट्टी परत पाठवतोय. बटण अजून हललेलं नाही.

तुला अजून म्हणावंसं वाटलं तर,
ठोंब्या


६ जून

ठोंब्या,

तुझ्या शहरात येऊन गेले. तुझ्या जिन्यापर्यंत आले होते, पण तिथूनच परत फिरले.

सरकारी वकीलबाई भेटल्या. खोलीत बसायला जागा नाही, खुर्चीवरच्या फायली त्यांनी स्वतः उचलून खाली ठेवल्या. मी दुकानातून तसल्याच गणवेशाचे दोन शर्ट नेले होते. त्यांना म्हटलं, ओढा. त्यांनी उगीच आपला हिसका दिला, तर बटण टेबलावर उडून पार कपाटाखाली गेलं. कापड त्यांनी उजेडाला धरून बघितलं. दुसरं ओढलं, तिसरं ओढलं. मग शर्ट मांडीवर घेऊन म्हणाल्या, 'ती मला बाहेर आल्यावर म्हणाली होती, बटण वेगळं आहे म्हणून. मी म्हटलं, आता बटणाचं राहू दे.'

'आधी का नाही आलात?' असं त्यांनी विचारलं. म्हटलं, आधी सांगून झालं होतं, कुणाला ते विचारू नका. मग अर्जावर लिहायला त्यांनी माझं माहेरचं नाव विचारलं. ते मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा उचललं. लपवाछपवी मला जमत नाही, ती तुझ्याकडेच राहू दे.

अपील मुदतीत दाखल होणार आहे. वरच्या कोर्टाने परवानगी दिली तर माझी साक्ष घेतील. त्या बाईचं विचारलं. काम सोडून ती भावाकडे राहायला गेली आहे. पत्ता देता येत नाही म्हणाल्या, चिठ्ठी पोचवतील. लिहिली. 'बटणाचं तुमचं बरोबर होतं. ती पट्टी मी शिवली होती. चुकले.' एवढंच लिहिलं. मागची बाजू कोरी ठेवली.

आता तुझं. वकीलपत्र सोडून मोकळं व्हावं असं तुझ्या मनात येत असेल. आपणहून सोडू नकोस. नातं कळल्यावर कोर्टानेच बाजूला हो म्हटलं तर गोष्ट वेगळी. त्या मॅनेजरसाठीही कुणीतरी उभं राहायला हवं, हे माझं म्हणणं आजही कायम आहे. धपाटे मी खाल्ले ते तू लहान होतास म्हणून. आता तुझे तू खायचे.

मी पिंजऱ्यात उभी राहीन तेव्हा ओळखीची म्हणून सूट देऊ नकोस. प्रश्न मोठ्याने विचार, मला कमी ऐकू येतं. चष्म्याची काडी नवी बसवलीय, दिसायची काही अडचण नाही. आणि ती पट्टी मी घेऊन येणार आहे. जुन्या कारखान्यात जाऊन तिच्यावर दुसरं बटण लावून आणलंय, मशीनवरचं, पहिल्याच्या शेजारी. ती माझ्या हातात दे आणि सगळ्यांसमोर ओढायला सांग.

पहिल्या बटणावर थांबू नकोस.

ताई